चढावर वारा पडतो

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

"एवढ्या उन्हात सायकल कशी चालवतेस?" या आईच्या प्रश्नाचं उत्तर फोनवर अर्धवटच राहतं, म्हणून सविस्तर लिहिते. आई, तुला भीती वाटते ती उन्हाची, आणि ती रास्तच आहे. पण सायकलवर उन्हापेक्षा जास्त हाल होतात ते वारा पडल्यावर. उन्हाळ्यातल्या लांबच्या प्रवासात कधी निघायचं, कुठे थांबायचं हे सगळं त्यावरच ठरतं.

बाबा, तुम्हाला हिशेब आवडतो, म्हणून आधी तोच. सामान लादून दिवसभर चालवायची तर माणूस पॅडलवर साधारण १०० वॅट जोर लावतो. शरीराची कार्यक्षमता जेमतेम २० ते २५ टक्के, त्यामुळे त्याच वेळी अंगात ३०० ते ४०० वॅट उष्णता तयार होते. ती बाहेर टाकायला तासाला साधारण अर्धा लिटर घाम अंगावरच वाळावा लागतो. ठिबकून खाली पडला तो वाया गेला. सपाटीवर एवढ्या जोरात ताशी २० किलोमीटरचा वेग मिळतो आणि तेवढाच वारा अंगाला लागतो. सायकल, सामान आणि माणूस मिळून १०० किलो वजन धरलं, तर पाच टक्के चढावर (म्हणजे शंभर मीटरला पाच मीटर वर) त्याच जोरात वेग येतो ताशी ७ किलोमीटर. उष्णता तेवढीच आणि वारा एक तृतीयांश. त्यात पाठीमागून ताशी ७ किलोमीटरचीच झुळूक असली, तर अंगाभोवतीची हवा हलतच नाही. एरवी पाठचा वारा सगळ्यांना हवा असतो, पण उन्हाळ्यातल्या चढावर त्याच्याइतका वाईट सोबती नाही.

डोंगरात या गोष्टीला एक सुंदर जोड आहे. निरभ्र रात्री उतार गार होतात आणि थंड, जड हवा खाली वाहत येते. म्हणून पहाटे चढताना ती तोंडावर येते. सूर्य वर आला की उतार तापतात, हवा उलटते आणि डोंगरावर चढू लागते, म्हणजे चढणाऱ्याच्या पाठीशी येते. तोच चढ पहाटे साडेपाचला आणि सकाळी अकराला अगदी वेगळा वाटतो तो एकट्या उन्हामुळे नव्हे. पहाटे ओढ्यावरच्या पुलावर अचानक गारठा लागतो, तोही याच साचलेल्या हवेचा. गाडीच्या काचेआड हे कधी कळणार नाही. तसाच एक टक्क्याचा चढ: डोळ्यांना रस्ता सपाट दिसतो, पण मांड्यांना बरोबर कळतो. खडा चढ संपून रस्ता किंचित सौम्य झाला की पुढे उतार असल्याचा भास होतो, तिथे वेग का वाढत नाही म्हणून उगाच ब्रेक घासतोय का ते बघत बसू नये.

अकरा ते चार या वेळात सावलीत थांबायचं, हा नियम मोडण्यासारखा नाही. डांबर हवेपेक्षा सहज २० अंशांनी जास्त तापतं. जिथे ते वितळून चकाकतं तिथे चाक जड होतं, खडी टायरला चिकटते आणि वळणावर घसरायला होतं, म्हणून त्या काळ्या चकचकीत पट्ट्यातून बाहेर राहायचं.

पाण्याचं प्रमाण तासाला अर्धा ते एक लिटर, तेही दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट. तासन्‌तास नुसतं पाणीच ढोसत राहणं धोक्याचं, कारण रक्तातलं सोडियम पातळ होऊन डोकेदुखी, मळमळ आणि पुढे भ्रम होतो. आणि ही लक्षणं उन्हाच्या त्रासासारखीच दिसत असल्यामुळे माणूस आणखी पाणी पितो! म्हणून एका बाटलीत साधं पाणी आणि दुसरीत मीठ-साखरेचं. एक लिटरला सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकायचं नाही, चमचा मोजूनच.

आता बाबांची शंका: उन्हाने हवा फुगून टायर फुटत नाही का? नाही. २० अंशांना ६० पीएसआय (पंपावर दिसणारा हवेच्या दाबाचा आकडा) भरलेली हवा ४५ अंशांना ६६ च्या आसपास जाते, आणि टायर एवढं सहन करतो. टायर फुटतो तो बहुतेक वेळा ट्यूब टायरच्या कडेखाली चिमटल्यामुळे, बाजूचं कापड विरल्यामुळे, किंवा रिम ब्रेक (चाकाच्या धातूच्या कड्याला घासणारे) लांब उतारावर सतत दाबून धरल्यामुळे. त्यात रिम तापते आणि जुन्या पॅचचं सोल्युशनही सैल पडतं. उतारावर ताठ बसून छातीवर वारा घ्यायचा, वळणाआधी ब्रेक जोरात दाबायचा आणि लगेच सोडायचा.

पंक्चर काढताना भोकाची जागा पाहिली की कारण कळतं. शेजारी-शेजारी दोन भोकं असतील तर हवा कमी होती आणि चाक खड्ड्यात आपटलं. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिम टेप (रिमच्या आतून लावलेली, ट्यूबला जपणारी पट्टी) सरकलेली असते. बाहेरच्या बाजूला असेल तर काटा किंवा काच, आणि मोठ्या रस्त्यांवर बहुधा ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली बारीक तार. टायरवरचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर येईल असं बसवावं. मग ट्यूबवरचं भोक व्हॉल्व्हपासून किती लांब ते मोजलं की टायरमधली तार नेमकी सापडते. ती न काढता नवी ट्यूब घातली तर दोन किलोमीटरवर पुन्हा तेच. पॅच लावण्याआधी काचकागदाने ट्यूब खरवडायची, सोल्युशनचा पातळ थर द्यायचा आणि त्याची ओली चकाकी जाईपर्यंत थांबायचं. घाई इथेच नडते, ओल्यावर लावलेला पॅच धरत नाही.

चेन रोज संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसायची, तेल दर सांध्याला एक थेंब, आणि वरचं जादा तेल परत पुसून टाकायचं, नाहीतर धूळ बसून चेन झिजते. कॅरिअरचे बोल्ट सामानाच्या हेलकाव्यांनी ढिले होतात, म्हणून सकाळी निघण्याआधी पान्याने एक फेरी. जड सामान खाली आणि चाकाच्या जवळ. गुडघा पुढून दुखला तर बहुतेकदा सीट खाली आहे, मागून दुखला तर वर. एका वेळी पाच मिलिमीटरपेक्षा जास्त हलवायची नाही.

एक गोष्ट मात्र गंभीर आहे. उन्हात कुणी असंबद्ध बोलायला लागला, लडखडला किंवा चिडचिड करू लागला तर तो उष्माघात समजायचा, मग अंगाला घाम असला तरीही. रुग्णवाहिका बोलवायची आणि ती येईपर्यंत वाट न पाहता सावलीत आडवं करून अंगावर भरपूर गार पाणी ओतायचं, वारा घालायचा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

आणि हे खास तुमच्यासाठी. वय वाढतं तशी तहान उशिरा आणि कमी लागते, त्यामुळे "तहान लागली की पिऊ" हे तुमच्या बाबतीत चालणार नाही. सकाळीच बाटली भरून समोर ठेवा आणि दुपारपर्यंत ती किती उतरली ते बघा. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय. वरचं मीठ-साखरेचं पाणी तुम्ही रोज पिऊ नका, बाबांचा रक्तदाब आहे. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका. या उन्हाळ्यात दिवसाला किती पाणी चालेल ते डॉक्टरांना विचारा, आणि आई, तो आकडा मला लगेच कळव.

तुमची लेक