वहीच्या मागच्या पानांबद्दल आभार, अक्का

ती. अक्का,
साष्टांग नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही "जा, चहा ठेव" म्हणून उठवता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. इचलकरंजीत तुमची नात फोनवर वाचून दाखवेल. तुमचं नाव कुठंही घातलेलं नाही, तेव्हा रागावू नका. बेळगावच्या वडगावात अर्धी गल्ली ज्यांना अक्का म्हणते, त्यांचं नाव गल्लीला सांगायची गरजही नाही.

२०२० चा एप्रिल मी विसरणार नाही. आमचे सहाही माग बंद. लग्नसराईसाठी विणलेल्या साड्या घड्या घालून तशाच पडलेल्या, व्यापारी फोन उचलत नव्हता आणि कर्जाचे हप्ते चढत होते. पाळण्यात होतो तेव्हापासून मागाचा खडखडाट ऐकत झोपलेला माणूस मी. ती शांतता अंगावर यायची. रात्री तीन-तीनपर्यंत मागाच्या खोलीत अंधारात बसून राहायचो. मनात काय काय यायचं ते इथं लिहीत नाही. तुम्हाला ते न सांगता कळलं होतं.

एका रात्री भिंतीपलीकडून तुमची हाक आली. "झोप नाही न्हवं तुला? मग पहाटे इकडं ये की. मी रोज वाचत होतो, आता अक्षर दिसेना झालंय. तू वाचून दाखव." (आमच्या भागातल्या जुन्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, बाहेरच्या वाचकांना ते खटकू नये.)

म्हातारीला मदत करायची, एवढ्याच भावनेनं मी आलो. मागची खोली, घोंगडी, समई, भिंतीवर गुरुदेव रानड्यांची तसबीर. रोज दासबोधाचा एक समास. दोनशे समास, म्हणजे साडेसहा महिन्यांत एक फेरी. वाचून झालं की तुम्ही डोळे मिटून नेमाला, म्हणजे रोजच्या नामस्मरणाला, बसायच्या आणि मला म्हणायच्या, "घाई नसली तर बस थोडा." घाई कसली असणार? माग तर बंदच होते. मी बसायचो. पहिले काही दिवस मला फक्त हप्ते दिसायचे. एकदा कंटाळून म्हणालो, अक्का, मन दोन मिनिटं टिकत नाही, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, "मागावर धागा तुटला तर काय करतोस? मागाला शिव्या देत बसतोस काय? गाठ मारतोस आणि चालवतोस न्हवं?"

कांड्या भरत आयुष्य काढलेली बाई दुसरं काय सांगणार! पण ध्यानाबद्दल मी आजवर जे ऐकलं, त्यात माझ्या हाताला कळलेलं हे एकच. दिवसातून किती वेळा तुटतंय ते मोजायचं नाही, गाठ मारायची.

बस सुरू झाल्यावर तुम्ही मला निंबाळला, गुरुदेवांच्या आश्रमात, नेलंत. विजापूरपर्यंत एक गाडी, तिथून दुसरी. काळी रानं, ज्वारी, ऊन. वाटेत तुम्ही परंपरेबद्दल बोलत होतात. उमदीचे भाऊसाहेब महाराज, त्यांनी १९०१ साली जमखंडीच्या एका शाळकरी पोराला नाम दिलं, म्हणजे दीक्षा दिली, तेच पुढं गुरुदेव. अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवलं, तिथले कुलगुरू झाले. आणि १९१४ ला भाऊसाहेब महाराज गेल्यावर एवढा विद्वान माणूस जिगजेवणीच्या अंबुराव महाराजांकडे, ज्यांची शाळा फारशी झाली नव्हती त्यांच्याकडे, मार्गदर्शनासाठी जात राहिला, १९३३ ला ते जाईपर्यंत. हे सांगताना तुमचा आवाज भरून आला होता. खिडकीकडं तोंड करून म्हणालात, "एवढं शिकून खाली बसायला जमलं बघ त्यांना."

तिथं भजनात एक पद कानडी, एक मराठी. मी सीमाभागातला पोर. पाट्यांवरून, शाळांवरून, एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनावरून काय काय ऐकत वाढलो, हे तुम्हाला सांगायला नको. मराठीसाठी मी आजही तितकाच हट्टी आहे. पण त्या संध्याकाळी पहिल्या कानडी पदाला मी तोंड मिटून बसलो होतो, आणि तुम्ही, ज्यांना कानडी बाजारापुरतंच येतं, टाळ धरून सगळं पद म्हणत होतात. परतताना मी विचारलं तर म्हणालात, उमदी आता महाराष्ट्रात, भाऊसाहेब महाराजांचा मठ असलेली इंचगिरी नि निंबाळ कर्नाटकात. ही रेघ १९५६ ची. नाम त्याच्या आधीपासून येतंय. दुसऱ्या खेपेला मी ते पद म्हटलं. उच्चार चुकले. शेजारी बसलेल्या धारवाडकडच्या आजोबांनी हळूच सुधारून दिले, आणि पुढच्या अभंगाला ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले, शब्द पकडायला.

नाम मिळालं. त्याबद्दल लिहीत नाही, नाम पोटात ठेवायचं असतं असं तुमचंच सांगणं.

आता वहीचं.

नाम घेतल्यावर मी एक वही केली. कधी बसलो, कधी उठलो, मन किती लागलं, काय दिसलं. पहाटे एकदा निळसर ठिपका दिसला, तेव्हा ते लाल शाईनं लिहिलं. मग ते भावाला सांगितलं, सूत आणणाऱ्या टेम्पोवाल्याला सांगितलं, सासुरवाडीलाही कळवलं. शंभर दिवस न चुकता भरल्यावर वही तुमच्यापुढं ठेवली. मनात होतं, अक्का पाठीवर हात ठेवतील. तुम्ही पानं चाळलीत, "असू दे माझ्याजवळ" म्हणालात आणि फळीवर ठेवलीत.

महिन्याभरानं तीच वही चुलीजवळ दिसली. मागची कोरी पानं उघडी. सोमवार अर्धा लिटर, मंगळवार अर्धा, बुधवार नाही. दुधाचा हिशेब! माझ्या शंभर पहाटांच्या पाठीवर दूध! मी काही बोललो नाही, पण त्या रात्री अंगाची आग झाली. पहाटे बसलो तर नामाऐवजी ती वहीच दिसत होती. दोन दिवस तुमच्याकडं फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी तुम्हीच दारात आलात. "राग आला न्हवं? तो लिहून ठेवायचा होतास वहीत. ठिपक्यापेक्षा तो कामाचा होता."

उंबऱ्यावरच बसलो मी. किती वेळ ते आठवत नाही. त्या दिवसापासून नेमाचं काही कुणाला सांगितलेलं नाही, लिहिलेलंही नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात यायला मला कित्येक महिने लागले, याची खरंच खंत वाटते. दुधाचे ते आकडे तुमच्या हातचे होते. बारीक, सरळ, एका रेषेत. ज्या बाईला अक्षर दिसत नाही, तिच्या हातचे ते आकडे नव्हते. मग आठवलं, मी कधी एखादी ओवी गाळली तर तुम्ही मिटल्या डोळ्यांनी ती म्हणायच्या. तुम्हाला पोथीही लागत नव्हती आणि वाचणाराही. मी पहाटे उठून यावं, म्हणून तुम्ही माझ्यापुढं गरजू झालात, तेही सहा महिने, एकदाही ओळख न देता. मी गल्लीत सांगत होतो की अक्कांना मी वाचून दाखवतो!

तुम्हाला गुरू म्हटलेलं चालत नाही. "गुरू निंबाळला, मी शेजारीण," एवढंच. तसंच म्हणतो. पण शेजारणीनं केलं ते माझ्या घरच्यांना ठाऊक आहे. आमच्या घरात आज जो माणूस जेवतो, झोपतो, पोरांशी बोलतो, तो त्या भिंतीपलीकडच्या हाकेमुळं आहे. आई तर तुमच्या दारावरून जाताना अजून हात जोडते, कुलूप असलं तरी.

इकडची खुशाली. सहापैकी चार माग चालू झाले. दोन विकले, त्याचं वाईट वाटलं, पण हप्ते सरळ झाले. पहाटे माग सुरू करायच्या आधी बसतो. धागा तुटतो अजून, गाठ मारतो. तुमच्या मागच्या खोलीची किल्ली आईकडं आहे, समई घासून ठेवली आहे.

तुम्ही लेकीकडं निघालात त्या दिवशी वही परत दिलीत. मागून शेवटच्या पानावर तीन लिटरची बाकी होती, तुम्ही खाली रेघ मारायची विसरला होतात. दूधवाल्याला ती दिली. रेघ मात्र मी मारलेली नाही, तुम्ही आलात की मारा.

तुमचा,
भिंतीअलीकडचा