पेन्सिलीने काढलेले स्लायडर

ती. काका यांस,
सा. न.

नाव कुठे लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं काका.

बाबांचा रोलंड एसएच-101 सिंथेसायझर (हवे ते आवाज घडवून वाजवायचं पट्ट्यांचं वाद्य) तुमच्याकडून दुरुस्त होऊन घरी आला आणि वाजला. त्याआधी दोन ठिकाणी हेलपाटे घालून झाले होते. एकाने झाकणही न उघडता सांगितलं, "भंगारात द्या, मोबाइलवर ॲप मिळतं." दुसऱ्याने चार महिने कोपऱ्यात ठेवून, हातही न लावता परत दिला. (हात लावला नाही हे उपकारच झाले, हे आता कळतंय.)

तुम्ही पेचकसाआधी पेन्सिल उचललीत. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे एकेक स्लायडर, म्हणजे आवाज ठरवणारी सरकती खुंटी, कुठे उभा आहे ते काढलंत. आवाजाची चमक ठरवणारा कटऑफ निम्म्याच्या जरा खाली, त्याला धार देणारा रेझोनन्स थोडासा वर. मी विचारलं, कशाला? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "कुणीतरी कान लावून ठेवलंय हे. आपण कशाला मोडायचं?"

काका, बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, हे मी तुम्हाला सांगितलंही नव्हतं.

1982 चं ते यंत्र, आवाज लक्षात ठेवत नाही. 1970 च्या मिनिमूग सिंथेसायझरचंही तसंच. वाजवणारे नॉब कागदावर काढून ठेवायचे. 1978 साली डेव्ह स्मिथ यांच्या प्रॉफेट-5 सिंथेसायझरने आवाज साठवायची सोय आणली खरी, पण ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या माणसाला ते कुठलं परवडायला! बाबांनी शेवटचा लावलेला आवाज फक्त त्या स्लायडरांवर शिल्लक होता. पुसताना फडकं जोरात फिरलं असतं तरी गेला असता.

त्यांना हे वेड लावलं हिंदी सिनेसंगीतातले वादक केरसी लॉर्ड आणि चरणजित सिंग यांनी. सिंगसाहेबांनी 1982 मध्ये मुंबईत रोलंडची यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून तबकडी काढली. त्यातल्या टीबी-303 या बास वाजवणाऱ्या यंत्रामध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं, म्हणून त्यातून मींड निघते. तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. 2010 मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली आणि परदेशातली पोरं चकित झाली, की शिकागोच्या ॲसिड हाउस या नृत्यसंगीताच्या आधीच हे मुंबईत होऊन गेलंय! बाबा जेवता जेवता ताटावर ठेका धरून म्हणाले, "बघ, मी सांगत नव्हतो?"

पैसे तुम्ही इतके कमी घेतलेत की मला ओशाळल्यासारखं झालं. वर चहा पाजलात. दुसऱ्याच्या वस्तूला इतक्या अदबीने हात लावणारी माणसं अजून आहेत, हे ज्याला त्याला सांगत सुटलोय.

आईने परवा स्वतः एक पट्टी दाबली आणि लगेच आत निघून गेली.

आणि हो, त्या कागदावर पोर्टामेंटोच्या (सूर घसरवायच्या) नॉबपुढे तुम्ही प्रश्नचिन्ह काढलंय. तो नॉब चुकून सरकलेला नाही, काका. बाबा तिथे थोडी मींड ठेवायचेच.

तुमचा,
101 वाला