पिंट्याच्या डोळ्यांचं काय निघालं

नागपूर, भर मे महिना

प्रिय विन्या,

"पिंट्याच्या डोळ्यांत निघालं काय बे?" असं तू विचारलंस, पण फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहून राहिलो.

फुटाळा तलावावर अंधार पडला की पोरगं माझा हात सोडत नसे, हे तू पाहिलंयस. सगळे म्हणायचे, गाजर खाऊ घाला. एका डॉक्टरांनी तर डोळ्याचा पडदा स्वच्छ आहे, पोरगं नाटकं करतंय, असं सांगून टाकलं. पडदा खरोखरच स्वच्छ होता. शेवटी ईआरजी केला, म्हणजे उजेडाला डोळ्यातली वीज कशी उत्तर देते ते मोजणारी तपासणी. २० मिनिटं अंधारात बसवलं, पापणीत धाग्यासारखा इलेक्ट्रोड ठेवला, मग उजेडाची चमक. आलेखात पहिली लाट खाली गेली, ती एकदम ठीक. तिच्यामागून वर उसळणारी मोठी लाट मात्र जवळजवळ नव्हतीच.

मला वाटायचं, उजेड पडला की डोळ्यातली वीज चालू होते. तर सगळं उलटंच राजा! अंधारात दंडपेशींची, म्हणजे पडद्यातल्या अंधुक उजेडात बघणाऱ्या पेशींची दारं, म्हणजे आयन चॅनेल, उघडी असतात. सीजीएमपी नावाचा रेणू ती धरून ठेवतो. सोडियम आत येत राहतं, थोडं कॅल्शियमही, आणि पेशी उणे ४० मिलिव्होल्टच्या आसपास बसून ग्लुटामेट, म्हणजे पुढच्या पेशीला निरोप देणारं रसायन, सांडत राहते. आलेलं सोडियम बाहेर फेकायला पंप अखंड चालू, आपल्या कूलरचा चालतो तसा. उजेड पडला की सीजीएमपी तुटतो, दारं मिटतात, पेशी उणे ७० कडे सरकते, ग्लुटामेट आटतं. पहिली लाट हीच. एका फोटॉननंसुद्धा दंडपेशीत मोजता येईल एवढा फरक पडतो म्हणे! सीजीएमपी ही दारं थेट उघडतो, हे १९८५ साली फेसेंको नावाच्या शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं.

घोळ आहे तो पुढच्या पेशीत, ऑन-बायपोलरमध्ये. तिचं दार वेगळं, टीआरपीएम१. ग्लुटामेट असेपर्यंत ते बंद, आटलं की उघडतं, आणि दुसरी लाट उठते. पिंट्याचं ते दार उघडतच नाही. दारातच खोट आहे की त्याला निरोप देणाऱ्या प्रथिनात, ते जनुकाच्या रिपोर्टवरून कळेल. दिवसा त्याचं भागतं, कारण भर उजेडात बघणाऱ्या शंकूपेशींना ऑफ-बायपोलर पेशींची दुसरी वाट आहे. रात्री दंडपेशींचा मुख्य रस्ता मात्र ऑन-बायपोलरमधूनच जातो.

हा रातांधळेपणा जन्मजात आहे. औषध नाही, पण वाढतही नाही. ताई हे ऐकून रडली, मग गाजराचा रस बंद केला. पिंट्यानं एवढंच विचारलं, "मामा, मग आता त्या डॉक्टरला सांगशील ना?"

बर्डीच्या बाजारातून त्याला चांगला टॉर्च आणलाय. तू आलास की रात्री त्याला सायकलवर एकटं सोडू नकोस.

तुझा,
बाळ्या