इंटरप्टची मर्यादा कर्नलमध्ये कोरून ठेवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान-तंत्रज्ञान पुरवणीत नव्या प्रोसेसरवर वरचेवर लेख येतात. कोअर किती, वेग किती, वीज किती लागते, हे सगळे त्यांत असते. इंटरप्टचा उल्लेख मात्र मला त्यांत कधी आढळला नाही. सर्व्हर सांभाळणे हे माझे रोजचे काम आहे. भरपूर कोअर असलेले यंत्र घेऊनही काम अडते तेव्हा दोष कधी कधी या दुर्लक्षित जागी असतो, म्हणून हे पत्र.

नेटवर्क कार्डावर माहितीचे पाकीट आले किंवा डिस्कचे वाचन पूर्ण झाले, की ते उपकरण प्रोसेसरला इशारा देते. प्रोसेसर हातातले काम बाजूला ठेवतो, कर्नलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, ठरलेला कोड चालवतो आणि पुन्हा मूळ कामाकडे वळतो. हाच इंटरप्ट. इशारा कोणाचा ते ओळखता यावे म्हणून प्रत्येकाला क्रमांक दिलेला असतो, आणि क्रमांक संपले की भांडणे सुरू होतात.

एके काळी ही टंचाई खरोखर हार्डवेअरची होती. १९८१ च्या आयबीएम पीसीत ८२५९ या चिपकडे इंटरप्टच्या आठच तारा येत. १९८४ च्या पीसी-एटीत दुसरी चिप आली, पण ती पहिलीच्याच एका तारेवर जोडलेली, त्यामुळे सोळापैकी पंधरा वापरता येत. ४ क्रमांक पहिल्या सिरियल पोर्टचा, ६ फ्लॉपीचा, १४ हार्डडिस्कचा. साउंड कार्ड आणि नेटवर्क कार्ड दोघेही ५ वर हटून बसले, की पेटी उघडून कार्डावरचे जंपर, म्हणजे जोडणी बदलणारे चिमुकले तुकडे, हलवायचे. ते मी पुष्कळ केले आहे. तेव्हा कर्नल लिहिणाऱ्याने सोळाचा तक्ता आखला यात काही चूक नव्हती. तारच नसेल तर कर्नल तरी काय करणार?

पुढे तार गेली. कार्डे जोडण्याच्या पीसीआय या मानकाच्या २.२ आवृत्तीपासून एमएसआय ही पद्धत आली. तिच्यात उपकरण एका ठरलेल्या पत्त्यावर एक आकडा लिहिते आणि ते लिहिणे हाच इंटरप्ट ठरतो. नंतरच्या एमएसआय-एक्समध्ये तर उपकरणातल्या एकेका फंक्शनला (स्वतंत्र कार्य करणाऱ्या भागाला) २०४८ पर्यंत इंटरप्ट मागता येतात. एक्स८६ प्रोसेसरची स्वतःची मर्यादा तेवढी उरली: २५६ व्हेक्टर, म्हणजे प्रोसेसर ओळखतो ते इंटरप्ट-क्रमांक, त्यांतले पहिले ३२ प्रोसेसरने अपवादांसाठी (आज्ञा चालवताना येणाऱ्या अडचणींसाठी) राखलेले. पण लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम हे व्हेक्टर प्रत्येक कोअरला स्वतंत्र देते. कर्नलच्या स्वतःच्या गरजा वजा जाता कोअरमागे दोनशेच्या आसपास उरतात, आणि कोअर वाढले की एकूण जागाही वाढते.

मग अडते कुठे? कर्नलच्या स्वतःच्या तक्त्यात. आमच्याकडचेच उदाहरण देते. ६४ कोअरचे यंत्र, एनव्हीएमई प्रकारच्या आठ वेगवान डिस्क, नेटवर्क कार्डे, आणि वर फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमची जुनी आवृत्ती. प्रत्येक डिस्कचा ड्रायव्हर (ती चालवणारा कर्नलमधला कोड) कोअरमागे कामांची एक रांग आणि नियंत्रणासाठी आणखी एक, असे ६५ इंटरप्ट मागतो. आठ डिस्कचे झाले ५२०. त्या कर्नलमध्ये एमएसआयसाठी जागा होती ५१२, तीही कर्नल तयार करतानाच पक्की केलेली. उपकरणे सापडतील त्या क्रमाने वाटप होत गेले आणि शेवटी राहिलेल्या नेटवर्क कार्डाला एकाच इंटरप्टवर भागवावे लागले.

बाहेरून काय दिसत होते? एक कोअर शंभर टक्क्यांवर अडकलेला, बाकीचे जवळजवळ रिकामे, आणि नेटवर्क निम्म्या वेगालाही पोचत नाही. लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीत, चूक म्हणून एक ओळ नाही, कारण ड्रायव्हरच्या दृष्टीने चूक झालेलीच नव्हती. मिळाले तेवढ्यात त्याने भागवले होते. यंत्र विकणाऱ्यांचे उत्तर आले, ‘ही हार्डवेअरची मर्यादा आहे, मोठे मॉडेल घ्या.’ मोठे मॉडेल म्हणजे आणखी कोअर, म्हणजे प्रत्येक डिस्कची मागणी आणखी जास्त. त्या सल्ल्याने आमची अवस्था अधिकच बिकट झाली असती. या उत्तराचा मला आजही राग येतो. ज्या आकड्याने अडवले तो सिलिकॉनमध्ये नव्हता, कर्नलच्या सोर्स कोडमधल्या एका हेडर फाइलमध्ये होता.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे आकडा वाढवा. ५१२ चे ४०९६ करा आणि मोकळे व्हा. कर्नल स्वतः बांधून घेणाऱ्याला रात्रीपुरते हे चालेल, पण ही दुरुस्ती नव्हे. क्रमांकामागे नोंद असते, नोंदीमागे मोजणीचे आकडे असतात, आणि हे आकडे कोअरगणिक ठेवायचे तर एका मोठ्या तक्त्याचा बोजा छोट्या यंत्रांच्या मेमरीवरही पडतो. शिवाय क्रमांकांच्या पट्ट्या एकाला एक लागून आखलेल्या असतील तर एक वाढली की शेजारचीवर चढते. फ्रीबीएसडीत नेमके हेच झाले. तारांच्या इंटरप्टना ० ते २५४ ही पट्टी होती, २५५ हा पीसीआयमध्ये ‘जोडणी नाही’ या अर्थाने वापरतात म्हणून सोडलेला, आणि २५६ पासून एमएसआय. मग तारांच्या इंटरप्टसाठी २५५ हून जास्त पिन असलेली यंत्रे आली. त्यांचे क्रमांक एमएसआयच्या हद्दीत घुसले आणि कर्नलने तिथेच हात टेकले.

२०१८ मध्ये जी दुरुस्ती झाली ती मला मनापासून आवडली. कर्नल बूट होताना, म्हणजे यंत्र सुरू होताना, आधी यंत्रात पिन किती आहेत ते मोजतो, एमएसआयची पट्टी त्यानंतर सुरू करतो, तक्तेही तेव्हाच त्या मापाने घेतो. एमएसआयची संख्या बूटच्या वेळी बदलता येते, त्यासाठी कर्नल पुन्हा बांधावा लागत नाही. लिनक्सने या दिशेचे पहिले पाऊल २००९ च्या २.६.२९ आवृत्तीत टाकले होते: सगळा तक्ता आधीच मांडून न ठेवता इंटरप्ट लागेल तशी नोंद घ्यायची.

अर्थात मर्यादा काढून टाकली की प्रश्न मिटला असेही नाही, कारण कोअरमागचे व्हेक्टर मोजकेच राहतात. सर्व्हर हायबरनेट करताना (मेमरी डिस्कवर साठवून यंत्र बंद करताना) एकेक कोअर बंद होतो, त्यावरचे इंटरप्ट उरलेल्यांवर हलतात आणि अखेर सगळ्यांना एकाच कोअरवर बसवायची वेळ येते. तिथे जागा पुरत नाही. जानेवारी २०१८ च्या लिनक्स ४.१५ मध्ये कर्नल लिहिणारे थॉमस ग्लाइक्स्नर यांनी एक्स८६ वरचे हे वाटप नव्याने लिहिले. ड्रायव्हरने नुसते मागून ठेवलेले आणि प्रत्यक्ष वापरात असलेले इंटरप्ट यांचा हिशेब आता वेगळा राहतो. न वापरलेल्यासाठी खरा व्हेक्टर अडवला जात नाही. आणि तरीही जागा पुरत नसेल तर कोअर बंद करण्यास कर्नल सरळ नकार देतो, आणि त्या कोअरवर किती व्हेक्टर आहेत व इतरत्र किती मोकळे आहेत, हे दोन्ही आकडे लॉगमध्ये लिहितो. माझ्यासारखीला ही एक ओळ लाखमोलाची. ती वाचली की कोणाशी वाद घालावा लागत नाही.

ड्रायव्हर लिहिणारे वाचक आपल्याकडे असतील, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या ड्रायव्हरने ६५ मागितले आणि त्याला १ मिळाला, तर त्याने निमूट काम चालू ठेवावे, हरकत नाही. पण हे दोन आकडे लॉगमध्ये लिहावेत. सर्व्हर सांभाळणाऱ्यांनीही मोठे यंत्र मागवण्याआधी एकदा इंटरप्टची यादी उघडावी. लिनक्सवर ती ‘प्रोक’खालच्या इंटरप्ट्स या फाइलमध्ये असते, प्रत्येक कोअरचा स्तंभ वेगळा. कार्डाच्या नावापुढे एकच ओळ असेल आणि एकच स्तंभ धावत असेल, तर खरेदीचा कागद बाजूला ठेवून आधी कर्नलची आवृत्ती पाहावी.

आपली विश्वासू,
सर्व्हर सांभाळणारी एक वाचक