फोर्ट कोचीतल्या अनोळखी माणसांचे मनापासून आभार

बाबांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. वास्को द गामाला १५२४ मध्ये जिथे पुरलं, ती जागा एकदा डोळ्यांनी पाहायची, ही त्यांची फार जुनी इच्छा. गेल्या महिन्यात त्यांना घेऊन फोर्ट कोचीला गेले आणि सेंट फ्रान्सिस चर्चच्या दारातच त्यांना गरगरायला लागलं.

रिक्षावाले दादा रिक्षा तशीच सोडून धावत आले आणि त्यांनी बाबांना आत बाकावर टेकवलं. केर काढणाऱ्या ताईंनी झाडू बाजूला ठेवून पाणी आणलं, पदराने वारा घातला. त्यांना मराठी येत नव्हतं, मला मल्याळम. डोक्यावर ते जुने कापडी पंखे होते, पूर्वी बाहेरून दोरीने ओढायचे ते.

बाबा सावरल्यावर एका आजोबांनी हात धरून त्यांना थडग्यापाशी नेलं. अवशेष १५३९ मध्येच पोर्तुगालला गेले, हे बाबांना ठाऊक होतं. तरी ते कितीतरी वेळ तिथे उभे होते. मग आजोबांनी भिंतीतले पोर्तुगीज आणि डच शिलालेख दाखवले. बाबा एकेक अक्षर बोटाने हवेत गिरवत होते.

पुढे सांताक्रूझ बॅसिलिकाही पाहिली. थांबल्याचे पैसे दादांनी घेतलेच नाहीत.

दादा, ताई, आजोबा, तुमची नावं विचारायचीही राहून गेली. बाबा ठणठणीत आहेत आणि रोज तुमची आठवण काढतात.