स्वतःचे शोधयंत्र : बसवल्यानंतरचे काम

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणाऱ्या शोधयंत्राविषयी, म्हणजे सर्च इंजिनाविषयी, आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. मोठ्या कंपन्यांच्या शोधसेवेला पर्याय असू शकतो ही गोष्ट सर्वसामान्य वाचकापर्यंत पोहोचवल्याबद्दल लेखकाचे आणि आपले मनापासून आभार. मात्र त्या लेखातली दोन विधाने तशीच राहिली, तर ती वाचून उत्साहाने कामाला लागणाऱ्यांची निराशा होईल असे मला वाटते. पहिले विधान असे, की हे यंत्र अर्ध्या तासात बसते आणि पुढे त्याच्याकडे पाहावे लागत नाही. दुसरे असे, की ते वापरू लागल्यावर आपल्या शोधांचा माग कुठेच राहत नाही. गेली काही वर्षे मी घरातल्या माणसांसाठी असे शोधयंत्र चालवतो आहे आणि या दोन्ही बाबतींत माझा अनुभव वेगळा आहे.

लेखात ज्याची ओळख करून दिली आहे ते सर्क्सएनजी हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर २०२१ साली सर्क्स या आधीच्या प्रकल्पातून वेगळे झाले. ते मेटासर्च प्रकारचे आहे, ही गोष्ट लेखात ओझरती येते. खरे तर तिथूनच सुरुवात व्हायला हवी होती. हे यंत्र स्वतः वेबवरचे एकही पान वाचून ठेवत नाही. आपला प्रश्न घेऊन ते गूगल, बिंग, ब्रेव्ह, विकिपीडिया अशा अनेक ठिकाणी एकाच वेळी जाते, मिळालेली उत्तरे एकत्र करते, दुबार आलेली गाळते आणि आपल्या हिशेबाने क्रम लावून समोर ठेवते. त्यामुळे त्या कंपन्यांना आपल्या कुकीज मिळत नाहीत, आपला ब्राउझर किंवा आपले खाते दिसत नाही, हे अगदी खरे आहे आणि एवढ्यासाठीही हे यंत्र चालवण्यासारखे आहे. पण प्रश्न कुठल्या तरी आयपी पत्त्यावरूनच, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरूनच, जातो. सर्व्हर घरात असेल तर तो पत्ता आपल्या घराचाच असतो. भाड्याच्या सर्व्हरवर तो बदलतो खरा, पण तिथून शोधणारे आपण एकटेच असू तर आपले सगळे प्रश्न एका पत्त्याखाली ओळीने जमा होतातच. अनेकांनी मिळून एकच यंत्र वापरले तरच गर्दीचा आडोसा मिळतो.

दुसरी गळती आपल्याच घरात असते आणि ती माझ्याकडून झाली. सर्क्सएनजीत प्रश्न पाठवण्याच्या दोन पद्धती आहेत, पोस्ट आणि गेट. पोस्टमध्ये शोधवाक्य विनंतीच्या आत जाते, गेटमध्ये ते पानाच्या पत्त्यातच, प्रश्नचिन्हापुढे, लिहिले जाते. मूळ सेटिंग पोस्टचे असते. पण त्यात ब्राउझरचे मागे जाण्याचे बटण दाबले की फॉर्म पुन्हा पाठवायचा का, असा संदेश येतो. घरातल्यांनी त्याबद्दल तक्रार केली म्हणून मी ते बदलून गेट केले. पुढे काही महिन्यांनी डिस्क भरत आली म्हणून सर्व्हरच्या पुढे लावलेल्या रिव्हर्स प्रॉक्सीची, म्हणजे येणारी प्रत्येक विनंती आत पोहोचवणाऱ्या मध्यस्थ प्रोग्रामची, लॉग (नोंदींची) फाइल उघडली, तेव्हा प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, आयपी पत्ता आणि त्यापुढे पूर्ण शोधवाक्य लिहिलेले दिसले. घरातल्या एका व्यक्तीने मध्यरात्रीनंतर पुन्हा पुन्हा शोधलेले एका आजाराचे नाव मला त्या फाइलमध्ये वाचायला मिळाले, जे त्या व्यक्तीने मला सांगितलेले नव्हते. मी फाइल पुसली, लॉगमध्ये पत्त्याचा प्रश्नचिन्हापुढचा भाग नोंदवला जाणार नाही अशी व्यवस्था केली आणि त्या व्यक्तीची क्षमा मागितली. माग कुठेच राहत नाही, हे वाक्य वाचताना मला ती फाइल आठवली.

आता 'पुढे पाहावे लागत नाही' या विधानाकडे येतो. इतर इंजिनांकडून उत्तरे मिळवताना हे सॉफ्टवेअर बहुतेक ठिकाणी त्यांच्या निकालाचे पान वाचून त्यातून दुवे वेचते. त्या पानाची रचना बदलली की वेचणे थांबते. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने जावास्क्रिप्टशिवाय शोध देणे बंद केले, तेव्हा अशा पद्धतीने चालणाऱ्या अनेक साधनांची तारांबळ उडाली होती. म्हणून सॉफ्टवेअर वरचेवर अद्ययावत करावे लागते. त्यासाठी मूळ सेटिंग्जची अख्खी फाइल स्वतःकडे उतरवून तिच्यात फेरफार करत बसू नये, कारण मग नव्या आवृत्तीतल्या दुरुस्त्या आपल्यापर्यंत येत नाहीत आणि जुन्या, मोडलेल्या व्याख्या तशाच राहतात. मूळ सेटिंग्ज आधाराला घेण्याची एक ओळ लिहून त्याखाली फक्त आपले बदल ठेवावेत. (फाइल वायएएमएल स्वरूपाची असते. तिच्यात ओळ आत सरकवायला टॅब चालत नाही, स्पेसच लागते. नवख्यांची पहिली संध्याकाळ अनेकदा यातच जाते.) सेटिंग्जमधल्या गुप्त किल्लीचा (पासवर्डसारख्या मजकुराचा) नमुन्यादाखल दिलेला शब्द बदलणे आवश्यक आहे, पण तो बदलल्याशिवाय सॉफ्टवेअर सुरूच होत नाही, त्यामुळे त्याची मला फारशी चिंता वाटत नाही.

खरी चिंता न दिसणाऱ्या बिघाडाची आहे. एखादे इंजिन आपल्या सर्व्हरला यंत्रमानव समजून कॅप्चा, म्हणजे समोर माणूसच आहे हे तपासणारे कोडे, दाखवते, किंवा फार विनंत्या येत असल्याचे कळवते. मग सर्क्सएनजी त्या इंजिनाला ठरावीक काळ विचारणेच बंद ठेवते. निकालाच्या पानावर बाजूला त्याची बारीक नोंद येते, पण उरलेल्या इंजिनांकडून उत्तरे येतच राहतात, त्यामुळे वापरणाऱ्याला काही बिघडले आहे असे वाटत नाही. निकाल मात्र हळूहळू पातळ होत जातात. माझे एक मुख्य इंजिन असेच बरेच दिवस बंद होते आणि मी त्या काळात शोधशब्दांनाच दोष देत होतो. तेव्हापासून दर आठवड्याला आकडेवारीचे पान उघडून कोणत्या इंजिनाला किती वेळ लागला आणि किती वेळा चूक आली ते पाहतो. बंदीचा काळ सेटिंग्जमध्ये कमी करता येतो, पण तो मोह टाळावा. ज्याने दार लावून घेतले आहे त्याच्याकडे लगेच पुन्हा गेले तर दार आणखी काळ बंद राहते. इंजिनांची संख्या कमी ठेवणे हा उपाय मला अधिक लागू पडला. उत्तराची वाट पाहण्याची मूळ मर्यादा ३ सेकंदांची असते आणि एकच मंद इंजिन सगळे पान तेवढा वेळ अडवून धरते. सुरुवातीला मी वीसहून अधिक इंजिने चालू ठेवली होती, आता सहा आहेत.

संख्या कमी करण्याचे दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे आणि ते समजण्यासाठी क्रम कसा लागतो हे पाहावे लागते. एखाद्या इंजिनात पान ज्या क्रमांकावर आले त्या क्रमांकाने वजनाला भागून गुण मिळतो. वजन मूळचे १ असते. तेच पान अनेक इंजिनांत सापडले तर ते जितक्या ठिकाणी सापडले तितक्या पटीने वजन वाढते. म्हणजे एका इंजिनात पहिले आलेले आणि दुसरीकडे कुठेच न आलेले पान १ गुण मिळवते, तर दोन इंजिनांत तिसरे आणि चौथे आलेले पान २ भागिले ३ अधिक २ भागिले ४, म्हणजे सुमारे १.१७ गुण मिळवून त्याच्या पुढे जाते. दोघांचे मत जुळले तर ते अधिक विश्वासाचे, हा विचार चुकीचा नाही. पण ती दोन मते स्वतंत्र असायला हवीत. डकडकगोचे वेब निकाल मोठ्या प्रमाणात बिंगकडून येतात, स्टार्टपेजचे गूगलकडून. बिंग आणि डकडकगो दोन्ही चालू ठेवले तर आपण एकाच साक्षीदाराची साक्ष दोनदा नोंदवतो आणि ज्याचा इंडेक्स, म्हणजे वेबवरची पाने वाचून केलेली सूची, खरोखर स्वतःचा आहे, जसे ब्रेव्ह किंवा मोजीक, त्याने शोधलेले वेगळे पान खाली ढकलतो. ही गोष्ट लक्षात आल्यावर मी प्रत्येक इंडेक्सचा एकच प्रतिनिधी ठेवला. निकालांत त्याने जेवढा फरक पडला तेवढा इतर कोणत्याही सेटिंगने पडला नाही. याशिवाय नको असलेली संकेतस्थळे गाळण्याची, किंवा विश्वासाची वर आणण्याची सोय त्यात आहे. नक्कल केलेल्या मजकुराची आठ-दहा संकेतस्थळे काढून टाकली तरी पान बरेच स्वच्छ दिसते.

तरीही हे सारे उसन्या इंडेक्सवर चालते, म्हणून निवडक संकेतस्थळांपुरता छोटा इंडेक्स मी स्वतः उभारला. पाने गोळा करायला नच आणि शोधायला सोलर ही अपाचे प्रतिष्ठानची मोफत साधने वापरली. सर्क्सएनजीत सोलर हे आणखी एक इंजिन म्हणून जोडता येते आणि त्याला जास्त वजन देता येते. पाने गोळा करणाऱ्याने सभ्यपणे वागले पाहिजे. यंत्रांनी कोणती पाने घेऊ नयेत हे संकेतस्थळ ज्या रोबोट्स डॉट टीएक्सटी या फाइलमध्ये सांगते, तिचा संकेत १९९४ पासून पाळला जातो आणि २०२२ मध्ये तो आरएफसी ९३०९ म्हणून लिखित मानक झाला. नच तो पाळतो आणि एका सर्व्हरकडे लागोपाठ दोन विनंत्या करताना मुळात ५ सेकंद थांबतो. घाई झाली म्हणून हा आकडा कमी करू नये. एका संकेतस्थळावर 'पुढचा महिना' असा दुवा असलेले कॅलेंडर होते. माझा क्रॉलर, म्हणजे पाने गोळा करणारा प्रोग्राम, रात्रभर तो दुवा दाबत पुढच्या शतकात जाऊन पोहोचला आणि हजारो रिकामी पाने घेऊन आला. पत्ते गाळण्याच्या फाइलमध्ये एक ओळ आधी लिहिली असती तर त्या सर्व्हरला तो भार सोसावा लागला नसता.

मराठी मजकुराचा प्रश्न इथे उभा राहतो, आणि आपल्या वाचकांना तो जवळचा वाटेल. 'विहीर' शोधले तर 'विहिरीत' असलेले पान सापडत नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने ते दोन असंबद्ध शब्द आहेत; 'देऊळ' आणि 'देवळात', 'फूल' आणि 'फुलांचा' यांचेही तसेच. सोलर ज्या लुसीन या शोधाच्या मूळ सॉफ्टवेअरवर उभे आहे त्यात हिंदीसाठी शब्दाचे मूळ काढण्याची सोय आहे, ती लावून पाहिली, पण 'घराला' मधला 'ला' हा प्रत्यय आहे हे तिला ठाऊक नाही. मग शेवटचे 'ला' आणि 'त' सरसकट कापून पाहिले, तर 'कला' चे 'क' झाले आणि 'शेत' चे 'शे'. शेवटी नेहमी लागणाऱ्या शब्दांच्या रूपांची यादी हाताने केली : डावीकडे 'विहिरीत', उजवीकडे 'विहीर'. काम कंटाळवाणे आहे, पण उपयोगी आहे. त्याहून फसवी गोष्ट 'दऱ्या' सारख्या शब्दांत निघाली. त्यातला र कुणी 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून टंकतो, कुणी साध्या 'र' ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, इंडेक्समध्ये मात्र वेगळे पडतात आणि युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरणही (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या रूपांना एक करण्याची रीत) त्यांना एक करत नाही. इंडेक्स करताना आणि शोधताना, दोन्ही वेळा एकाचे दुसऱ्यात रूपांतर करणारी नोंद लिहिली, तेव्हा इतके दिवस हरवलेली पाने वर आली.

हे सगळे बदल सुधारणा आहेत की नाहीत, हे मात्र नुसत्या नजरेने ठरवू नये. १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्ड येथे सिरिल क्लेव्हरडन यांनी ठरावीक कागदपत्रे, ठरावीक प्रश्न आणि आधीच तपासून ठेवलेली उत्तरे घेऊन शोधपद्धतींची तुलना केली. १९९२ पासूनची ट्रेक ही शोधपद्धतींची चाचणीमालाही याच पायावर उभी आहे. घरगुती यंत्रालाही हीच रीत लागू पडते. माझ्याकडे एका वहीत चाळीस प्रश्न आहेत, जे खरोखर कधी तरी शोधले गेले होते, आणि प्रत्येकापुढे पहिल्या पाचांत यायलाच हवे असे पान लिहिलेले आहे. एखादे सेटिंग बदलले की चाळीसही प्रश्न पुन्हा विचारतो. माझ्या छोट्या इंडेक्सचे वजन ३ केले तेव्हा दोन-तीन आवडते शोध इतके छान आले की मी खूश होतो. वहीने दाखवले की त्याच बदलाने पाच चांगली उत्तरे पहिल्या पाचांतून बाहेर गेली होती. वजन १.५ वर आणले तेव्हा ती परत आली. एका वेळी एकच बदल करावा आणि तो तारखेसह लिहून ठेवावा, नाही तर कशाने काय झाले ते पुढे कळत नाही.

हे वाचून कुणी माघार घ्यावी असा माझा हेतू नाही, उलट अधिक लोकांनी हे काम करावे अशी मनापासून इच्छा आहे. म्हणूनच विनंती आहे की लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर 'माग कुठेच राहत नाही' हे वाक्य दुरुस्त करावे, आणि गेट पद्धत व प्रॉक्सीचा लॉग यांविषयीची सूचना यंत्र बसवण्याच्या कृतीतच, पहिल्या शोधाच्या आधी, द्यावी.

आपला नम्र,
एक वाचक