आरोग्यपत्रक छापण्याआधी लोकांसमोर ठेवा

महोदय,

पावसाळ्याच्या तोंडावर डेंगी, जुलाब आणि दूषित पाण्याविषयीची पत्रके पुण्यात घरोघर वाटली जातात. मजकूर डॉक्टरांनी तपासलेला असतो, शुद्धलेखनही कोणीतरी पाहिलेले असते. पण ज्यांच्या हाती पत्रक पडणार, त्यांना ते छपाईआधी बहुधा दाखवलेले नसते. त्यासाठी गटचर्चा, म्हणजे फोकस ग्रुप, कशी घ्यावी हे थोडे तपशिलाने मांडतो.

सहा ते आठ जण पुरेत. दहाच्या वर गेले की दोघे-तिघेच बोलतात. सासू-सून एका गटात नकोत, सून गप्प बसते. आशाताई समोर असतील तर बायका त्यांना बरे वाटेल तेच सांगतात. जागाही दवाखान्याची नको, समाजमंदिर चालेल. चर्चा तास-दीड तासाची, एक जण बोलते करायला आणि दुसरा फक्त नोंदी घ्यायला. मजकूर लिहिणाऱ्याने चर्चा चालवू नये. कोणी अडले की तो समजावू लागतो, आणि पत्रक घरी जाते तेव्हा समजावायला तो तिथे नसतो.

‘समजलं का?’ असे कधीही विचारू नये. मान सगळेच हलवतात. ‘हे शेजारणीला कसं सांगाल?’ असे विचारावे. ‘ओआरएसचे पाकीट पाण्यात विरघळवून थोडे थोडे पाजावे’ हे वाक्य लिहिणाऱ्याला स्पष्ट वाटते, पण वाचणारी आई ते पेलाभर पाण्यात ओतू शकते. मोठे पाकीट एक लिटरसाठी असते, छोटे २०० मिलिलिटरसाठी. मोठे पाकीट पेल्यात विरघळवले तर द्रावण सुमारे पाचपट तीव्र होते आणि बाळाच्या रक्तातले सोडियम धोकादायक पातळीला जाऊ शकते. घरात लिटर कशाने मोजता, हे गटालाच विचारा आणि ते सांगतील त्याच भांड्याचे किंवा बाटलीचे चित्र पत्रकात घाला.

‘डासोत्पत्ती स्थाने नष्ट करा’ वाचून लोकांच्या डोळ्यांसमोर नाला येतो. डेंगीचा डास मात्र घरातल्या साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो: फ्रीजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, झाकण नसलेला पिंप. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा, म्हणजे साचलेले पाणी ओतून देऊन भांडी कोरडी करावीत. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. कडा घासाव्याच लागतात. हे कारण पत्रकात असेल तर चर्चेत घासण्याचा उल्लेख लोक आपणहून करतात का, तेवढे पाहावे. पानभर मोठा डास छापला तर ‘आमच्याकडे एवढे मोठे डास नाहीत’ असे उत्तर येऊ शकते; शेजारी खऱ्या आकाराचा डासही असू द्यावा.

गटचर्चेची मर्यादाही ओळखायला हवी. मजकूर पटतो का, कोणता शब्द खटकतो, चित्र परके वाटते का, हे गटात कळते. प्रत्येकाला वाचता आले का, ते कळत नाही. ज्याला वाचता येत नाही तो चारचौघांत ‘चष्मा विसरलो’ म्हणतो आणि पहिल्याने दिलेले उत्तर पुन्हा देतो. आमच्या मते सर्वांत जास्त फसगत इथेच होते. म्हणून आकलनाची चाचणी एकेकट्याला बसवून घ्यावी. युरोपात औषधाच्या खोक्यातल्या पत्रकाची अशी चाचणी २००५ पासून आवश्यक आहे. साधारणपणे दहा-दहा जणांच्या दोन फेऱ्या होतात. ९० टक्के लोकांना माहिती सापडावी आणि सापडलेल्यांपैकी ९० टक्क्यांना ती समजावी, ही कसोटी असते. गटचर्चेतून मात्र टक्केवारी काढू नये. ‘आठपैकी सहा जणांना आवडले’ या वाक्याला काही अर्थ नाही.

प्रत्येक वाचकवर्गाचे दोन-तीन गट घ्यावेत आणि नवे काही निघेनासे झाले की थांबावे. हिंदी किंवा उर्दू पत्रक स्वतंत्रपणे तपासावे, मराठीच्या चाचणीवर त्याचे निभत नाही. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तशा घाईच्या वेळी एका दुपारचा एकच गट घेतला तरी चालेल. दुरुस्त केलेला मसुदा मात्र नव्या लोकांना दाखवावा. आधीच्यांना उत्तरे चर्चेतूनच कळलेली असतात.

– आरोग्यविषयक साहित्य तयार करणारे कार्यकर्ते, पुणे